टॉर्च, रेडिओ आणि मार

आमच्या घरात आलेला पहिला मोबाइल मुळात फेकून मारण्यासाठीच बनवलेला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. मुठीत नेमका बसायचा, वजनाला चांगला दगडासारखा, कोपरे गोल, आणि पाठीवर रबराची खरखरीत पट्टी, म्हणजे घामेजल्या हातातून ऐनवेळी निसटू नये. रंग उंदराचा. पडदा काडेपेटीपेक्षाही लहान, त्यावर हिरवट उजेडात काळी अक्षरं. डोक्यावर बारकी टॉर्च. पोटात रेडिओ होता, पण तो ऐकायचा तर कानात घालायची वायर आधी त्याच्या बुडात खुपसावी लागे, कारण ती वायर हाच त्याचा एरियल. सापाचा एक खेळ, गजर, आकडेमोडीचं यंत्र, संपलं. कॅमेरा नाही, रंग नाहीत. बॅटरी मात्र अशी की एकदा चार्ज केला की आपण त्याला विसरून जावं. बाबांनी तो घेतला तेव्हा दुकानदाराने तो त्यांच्यासमोर जमिनीवर आपटून दाखवला होता. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये बसायचे, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या नोकरीतच बसत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी आम्हाला गोळा केलं आणि फोन स्वतः पुन्हा आपटला. बराकपूरच्या क्वार्टरची फरशी टिचली. फोन चालू होता.

आमचं घर तसं मारकुटंच. हे सांगताना मला लाज वाटायला हवी, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटतो. बाबा माणसांवर कधी हात टाकायचे नाहीत, वस्तूंवर टाकायचे. टीव्ही खरखरला की त्याच्या टाळक्यात, दार अडकलं की लाथ, पेन चाललं नाही की ते थेट भिंतीवर. आमच्याकडचा एकही स्टीलचा पेला गोल उरला नव्हता. आईचं उलट. ती वस्तूंना फुलासारखी जपायची आणि माणसांना धपाटे घालायची. माझ्याहून मोठी ताई नखं वाढवायची, ती रंगवायला, असा बाहेरच्यांचा समज होता. मी शेंडेफळ, म्हणून माझ्या वाट्याला दात आले.

सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून येणारे आवाज ऐकून आत कुणाचा तरी खून चाललाय असंच वाटावं. आधी लोखंडी खलबत्त्यात ठेचा कुटला जायचा, मिरची, लसूण आणि शेंगदाणे, आणि प्रत्येक घावाला आई तोंडाने ‘हं’ म्हणायची. मग भाकऱ्या. ज्वारीचं पीठ साताऱ्याहून येणारा प्रत्येक पाहुणा डब्यात भरून आणायचा, आणि पाहुणा माणूस म्हणून कसा आहे हे आई डब्याच्या वजनावरून ठरवायची. परातीत भाकरी थापण्याचा तो आवाज, थप् थप् थप्, आणि तव्यावर टाकताना शेवटची सणसणीत चापट. आम्ही राहायला आल्यानंतर काही दिवसांनी भिंतीपलीकडच्या माशिमा दारात उभ्या राहिल्या. माशिमा म्हणजे मावशी, पण बंगालात वयस्क शेजारणीला सगळेच माशिमा म्हणतात. त्यांनी हळूच विचारलं, “बौमा, शब ठीक आछे तो?” सूनबाई, सगळं ठीक आहे ना?

“हां हां, सब ठीक,” आई म्हणाली. “भाकरी है.” आणि पिठाने माखलेले लालभडक तळवे दाखवले.

माशिमांना भाकरी हा शब्द कळला नाही. त्यांना लाल तळवे दिसले, आणि मागे बनियनवर पेपर वाचत बसलेले बाबा दिसले. दुसऱ्या दिवसापासून त्या आईसाठी नारळाचे लाडू आणू लागल्या आणि बाबांशी बोलायच्या बंद झाल्या. खरं काय ते आईने त्यांना कधीच सांगितलं नाही. लाडू चांगले असायचे.

आईने बंगालीचा एकही शब्द शिकायला नकार दिला होता. “तीन वर्षांनी बदली व्हायची. सामान कमी न्यावं,” असं ती म्हणायची. कोळणीशी, धोब्याशी, माशिमांशी ती हिंदीच्या क्रियापदांना मराठी बांधून बोलायची, आणि समोरच्याला कळलं नाही की तेच पुन्हा मोठ्याने बोलायची. तिचा आवाज साताऱ्याच्या शेतात बांधावरून बांधावर हाका मारून तयार झालेला. टेलिफोन हे यंत्र तो आवाज पोचवतं यावर तिचा कधी भरवसा बसला नाही. लांबच्या माणसाशी लांबून बोलतात तसंच बोललं पाहिजे, हे तिचं तत्त्व.

आता त्या मोबाइलचा कान कसा गेला ते सांगतो, कारण तो गेला नसता तर पुढचं घडलं नसतं. मोबाइल घराचा एकच. कॉलेजच्या दिवशी मी न्यायचो, एरवी ताईकडे. एका रविवारी दुपारी मी सापाच्या खेळात होतो. साप पडदाभर लांब झाला होता आणि आपलंच शेपूट टाळत फिरत होता, अशा वेळी जन्मदात्यालाही हाक मारू नये. ताईला रेडिओ ऐकायचा होता. तिने फोन खेचला. मी तिच्या मनगटाला चावलो. तिने दुसऱ्या हाताने तोच फोन माझ्या कानामागच्या हाडावर आपटला, तिथून तो उसळून कपाटावर, कपाटावरून खाली. मी तिची वेणी धरली, तिने नखं लावली, आणि मग आई लाटणं घेऊन आली. आई न्यायाधीश म्हणून फार चांगली होती. कुणी सुरू केलं हे विचारायचीच नाही. दोघांना सारखंच बडवलं आणि कणीक तिंबायला परत गेली. फोनला ओरखडाही नव्हता. टॉर्च लागत होती, रेडिओ लागत होता, साप जिवंत होता. फक्त कानाला लावून ऐकायची जी बारकी जाळी असते ती मुकी झाली. पाठीमागचं लाउडस्पीकरचं भोक तेवढं शाबूत राहिलं. तेव्हापासून आम्हाला येणारा प्रत्येक फोन सगळ्या जगाला ऐकू यायचा.

माझ्या मुलाचा आजचा फोन पाहतो तेव्हा वाईट वाटतं. खिशातून घरंगळला तरी काचेला तडा जातो आणि तो बिचारा दोन दिवस जेवत नाही. त्या फोनने कुणाला मारायची सोय नाही. बहीणभावांनी भांडायचं तरी कशाने?

तर, शेपू. आईला शेपूची आठवण आली की ती घरात कुणाला सुखाने बसू द्यायची नाही, आणि बराकपूरच्या बाजारात शेपू मिळायची नाही. माझं कॉलेज सियालदह स्टेशनच्या जवळ होतं. स्टेशनाबाहेर भाजीचा घाऊक बाजार, तिथे जगातली सगळी पालेभाजी उतरते. “येताना आण,” आईने फर्मान काढलं. अडचण एवढीच की शेपूला बंगालीत काय म्हणतात हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मग मी माझी एक पद्धत काढली. जुडी दिसली की वाकायचं आणि वास घ्यायचा. सकाळची वेळ, कॉलेजला जातानाच उरकून टाकावं म्हणून गेलेलो, हमालांच्या डोक्यावरच्या टोपल्या, पायाखाली फ्लॉवरच्या पाल्याचा चिखल, आणि त्यातून एक लांबुडका पोरगा मान खाली घालून प्रत्येक टोपलीत नाक खुपसत चाललाय. आज विचार करतो तेव्हा वाटतं, माझ्यावर संशय घ्यायला त्यांना एवढा उशीर कसा लागला?

काही केल्या वास लागेना. शेवटी भोपळ्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून मी घरी फोन लावला. आमच्या क्वार्टरमध्ये साधा टेलिफोन होता, तो आईने उचलला, आणि साताऱ्याचा आवाज त्या भोकातून बाजारभर पसरला.

“अरे, सापडत नाही म्हणजे काय? डोळे फुटलेत का? वास घे आणि उचल!”

‘उचल’ या शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ काय होतो हे त्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं, नाहीतर माझा निकाल तिथेच लागला असता. पण भोपळ्यांचा व्यापारी निमाईदा याला शब्दांची गरज नव्हती. त्याचा फोन थोड्या वेळापूर्वी भोपळ्यांवरून नाहीसा झाला होता. उंदरासारखा करडा, पाठीला रबराची पट्टी. आणि तोच फोन त्याच्यासमोर एका अनोळखी पोराच्या हातात होता, आणि त्यातून कुणीतरी एका अगम्य भाषेत हुकूम सोडत होतं.

ट्रकमधून फेकलेले भोपळे आयुष्यभर झेललेल्या माणसाचे हात कसे असतात हे वाचून कळायचं नाही. त्याने माझी कॉलर धरली आणि मला एका हाताने उचललं. फोन दुसऱ्या हाताने घेतला. फोन कट झाला. “चोर,” तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. तेवढ्यावर गल्ली भरली.

पहिली कानशिलात बसली तेव्हा डाव्या कानात एक शिट्टी सुरू झाली. ती अजून बंद झालेली नाही, थंडीत जरा जास्त ऐकू येते. मी बंगालीत म्हणालो, “दादा, एटा आमार फोन.” कुणीतरी निमाईदाचा नंबर लावून पाहिला. बंद. “सिम फेकून दिलं,” एक जण म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. मी म्हणालो, माझ्या फोनला टॉर्च आहे. निमाईदा म्हणाला, माझ्याही आहे. मी म्हणालो, रेडिओ आहे. त्याच्याही होता. साप? त्याची बायको खेळायची. गरिबाच्या फोनची हीच गंमत. सगळ्यांचे एकाच साच्यातून निघालेले, आणि आपला तो आपला म्हणून ओळखायला त्याच्यावर काहीच नाही. माझ्या प्रत्येक पुराव्यानंतर एक गुद्दा पडत होता. मधेच मागून नवी माणसं यायची, विचारायची, “की कोरेछे?” काय केलं याने? “मोबाइल,” उत्तर यायचं, आणि नवा माणूस आपला एक लगावून जायचा. ऑफिसला निघालेले एक गृहस्थ आले, इस्त्रीचा शर्ट, बगलेत छत्री. त्यांनी डबा खाली ठेवला, माझ्या मुस्कटात एकच, पण मनापासून ठेवून दिली, घड्याळ पाहिलं, डबा उचलला आणि गेले. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. त्यावर राग अजिबात नव्हता.

मग कुणीतरी लाथ घातली आणि मी त्या पाल्यात पडलो. पडल्यावर सगळंच बदलतं. उभ्या माणसाला लोक हातांनी मारतात, पडलेल्याला पायांनी. बरगडीत चप्पल, पाठीत टाच. एका हमालाने डोक्यावरची चुंबळ काढून हातात गुंडाळली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे मरणार. अगदी साध्या शब्दांत वाटलं, आणि त्यासोबत एवढंच की शेपू राहिली.

तेव्हा निमाईदालाच एक कल्पना सुचली. तो अडाणी नव्हता, फक्त चिडलेला होता. त्याने हात वर केला. “थांबा,” तो म्हणाला. “फोन याचा असेल तर त्यात याच्या आईचा नंबर असेल. चोरीचा असेल तर माझी आई असेल. बघू या.” हे गर्दीला फारच आवडलं. कलकत्त्यात आईपाशी कुठलाही तंटा मिटतो. त्याने बटणं दाबली, ‘म’ शोधला. मा नव्हती. मामा होते, साताऱ्याचे. तिथल्या बाजाराच्या बोलीत पोलिसालाही मामा म्हणतात, त्यामुळे चोराच्या फोनमध्ये पोलिसाचा नंबर निघाल्यासारखं झालं, आणि दोन लाथा हसत हसत बसल्या.

“मा कोथाय?” निमाईदाने विचारलं. मा कुठे आहे?

“आई,” मी म्हणालो. ओठ फाटलेला होता, त्यातून जेवढं निघालं तेवढं. “आई. आई बघा.”

“आई आबार के?” आता ही आई कोण?

“मा.”

“आई मा?” कुणीतरी मागून म्हणालं. “आईला आई कोण म्हणतं?”

निमाईदाने ‘आई’वर दाबलं. घंटा वाजली. हमालाची चुंबळ हातातच राहिली. बराकपूरला आईने फोन उचलला. मघाशी कट झालेला फोन मीच पुन्हा लावला असणार, हे तिने गृहीत धरलं.

“काय रे बाळ?” भोकातून आवाज आला. “मिळाली का?”

इथे मला थांबावं लागतं. बंगाली कानाला ळ ऐकू येत नाही, त्याला फक्त ल ऐकू येतो. आणि बंगालीत ‘बाल’ म्हणजे केसच, पण डोक्यावरचे नव्हेत. त्या शहरातली ती सगळ्यात हाताशी असलेली, सगळ्यात घाणेरडी शिवी आहे. आई मला जन्मापासून बाळ म्हणायची. मी कॉलेजात गेलो तरी म्हणायची, बाबांसमोर म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. आणि आता तिने ती निमाईदाला, त्याच्या स्वतःच्या भोपळ्यांसमोर घातली होती.

“काय म्हणाली?” निमाईदाने हळूच विचारलं.

“गालि दिच्छे,” गर्दीने एका आवाजात सांगितलं. शिवी देतेय.

गुद्दा थेट पोटात आला. “हॅलो? कोण बोलतंय? बाळ?” गुद्दा. “बाळ, बोल ना.” लाथ. “अरे बाळ, आवाज येत नाही, बाळ, जरा मोठ्याने बोल.” प्रत्येक बाळाला एक, मोजून दिल्यासारखा. मी पोट धरून ओरडलो, “आई, बाळ म्हणू नकोस, आई, बाळ नको ना,” आणि मी स्वतःच तो शब्द दोनदा उच्चारला आहे हे माझ्या लक्षात यायच्या आधी त्याचे दोन मला पोचले होते. मी आजवर हा प्रसंग किती तरी बैठकांत सांगितला आहे. या ठिकाणी लोक हसून हसून लोळतात. मीही हसतो. तिथे पाल्यात पडलेला मी हसत नव्हतो.

पण फोन दोन्हीकडून ऐकू येतो. आईला तिकडे आवाज यायला लागले होते. धपाट्याचा आवाज त्या बाईला जगात सगळ्यात चांगला ओळखता यायचा, ओल्या पिठावरचा कोणता आणि माणसाच्या अंगावरचा कोणता. आई फोनवर हळू बोलते हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग भोकातून तिचा आवाज आला, अजिबात मोठा नाही, कुणाच्या तरी अगदी जवळ तोंड नेऊन बोलावं तसा.

“आमि ओर मा,” ती म्हणाली. मी त्याची आई. “आर मारले आमि आशबो.”

आणखी मारलं तर मी येईन. बस. तीन वर्षं ज्या भाषेचा एक शब्द तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता, त्या भाषेत हे निघालं, एका मात्रेचीही चूक नाही. कोळणीकडून उचललं असेल, भिंतीपलीकडून ऐकलं असेल, कुणास ठाऊक. ती वीस-पंचवीस किलोमीटरवर होती, ओट्याशी, हाताला पीठ लागलेलं असणार. आणि त्या गल्लीतल्या दांडग्या माणसांनी खरोखर मागे वळून पाहिलं, ती आलीच की काय म्हणून.

निमाईदाने फोन दोन्ही हातांत धरला. “माशिमा,” तो म्हणाला, “भुल होये गेछे.” चूक झाली. मग घाईने कट केला, जसा काही तो फोन तापला होता.

पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ते शहर तसंच आहे. ज्यांनी मला मारलं त्यांनीच मला उचलून कांद्याच्या गोणीवर बसवलं. मासळीच्या गल्लीतून कुणी बर्फ आणला, तो चुंबळवाल्या हमालाने आपल्याच पंच्यात बांधून माझ्या गालाला धरला. मातीच्या भांड्यातून चहा आला. निमाईदा समोर उकिडवा बसून माझ्या घरी कोण कोण आहे, बाबा कुठे नोकरीला, ताईचं लग्न झालं का, हे सगळं विचारत राहिला आणि मधेच माझ्या केसांतला पाला काढत राहिला. त्याचा फोन कधी सापडला की नाही हे मला ठाऊक नाही. निघताना त्याने एक भोपळा माझ्या काखेत कोंबला. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. गाडीत लोकांनी मला बसायला जागा दिली. तोंडाकडे पाहून दिली की मासळीच्या वासाने दिली, हे मी विचारलं नाही.

आई दारातच उभी होती. तिने माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे फिरवला, एक बाजू पाहिली, मग दुसरी. मग जी बाजू जरा कमी सुजलेली होती तिच्यावर एक ठेवून दिली. “फोन लावून वर गप्प बसतोस?” ती म्हणाली. शनिवारच्या सुट्टीमुळे घरी असलेल्या बाबांनी भोपळा घेतला आणि तो कुठे आपटावा हे न सुचून तसेच उभे राहिले. ताईने गुपचूप हळद गरम केली.

मी खाटेवर आडवा झालो. स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज सुरू झाला, हळू, मऊ, माशिमांना भिंतीपलीकडे ऐकूही गेला नसेल. मग ताट ठेवल्याचा आवाज आला. आता ती हाक मारेल म्हणून मी वाट पाहत पडून राहिलो. बराच वेळ झाला. ती दारापर्यंत आली, तिने तोंड उघडलं, आणि तो शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिने तो परत गिळला.

“विश्वास,” ती म्हणाली. माझ्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव. “जेवायला चल.”

मी उठलो आणि गेलो.